मोलोसिया की स्लॅब सिटी?

नेवाडात डेटनजवळचं मोलोसिया म्हणजे केव्हिन बॉ यांचं घर-अंगण आणि इतरत्र थोडी जमीन, सगळं मिळून जेमतेम 11 एकर. पण स्वतःला ‘प्रजासत्ताक’ म्हणवतं! राष्ट्राध्यक्ष बॉ छातीभर पदकं लावून पाहुण्यांना फिरवतात, पासपोर्टवर शिक्काही मारतात. चलनाचा भाव कुकीच्या पिठाशी बांधलेला. कर मात्र मुकाट्याने अमेरिकेलाच, ‘परदेशी मदत’ या गोंडस नावाखाली.

कॅलिफोर्नियातल्या स्लॅब सिटीत ना राष्ट्राध्यक्ष, ना नळ. दुसऱ्या महायुद्धातल्या मरीन तळाचे काँक्रीटचे चौथरे उरलेत, त्यांवर जुन्या गाड्या नि ताडपत्र्या. वीज हवी? सोलर पॅनल आपलं आपण आणा. मला हीच वस्ती जास्त खरी वाटते. हिवाळ्यात इथे गर्दी होते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे गेला की चिवट तेवढे उरतात.