लिंगावरची पुळी: थांबून बघायची की ओपीडी गाठायची?

दुखतंय म्हणजे सिरीयस आणि दुखत नाही म्हणजे किरकोळ, हा हिशोब इथे लावू नका. केस काढल्यावर झालेला केसतोडा चांगला ठणकतो आणि बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप बसतो, उलट सिफिलिसची (संबंधातून होणारा एक गुप्तरोग) जखम बहुतेकदा दुखत नाही. त्यामुळे दुखण्यापेक्षा हे बघा की ते वाढतंय का, बदलतंय का, कातडी फुटलीय का.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टोकाच्या कडेवरच्या दाण्यांचा आणि चामखिळीचा. कातडी मागे घेतली की कडेने गोल, एका किंवा दोन ओळीत, एक-दोन मिलिमीटरचे एकसारखे दाणे दिसत असतील, रंग कातडीचाच, खाज नाही, वर्षभरापूर्वी होते तसेच आत्ता आहेत, तर ते बहुतेक पर्ली पेनाइल पॅप्युल्स. तरुण मुलांमध्ये हे अगदी कॉमन आहे, संबंधातून येत नाही, जोडीदाराला लागत नाही, आणि अस्वच्छतेशी तर काहीच संबंध नाही, तरी पोरं साबणाने घासघासून सोलून घेतात, तसलं काही करू नका. चामखीळ अशी रांगेत बसत नाही. ती दांड्यावर, मुळाशी, गुदद्वाराजवळ कुठेही येते, एक छोटी एक मोठी, हाताला खडबडीत, वाढली की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसते आणि एकाच्या चार होतात. ती एचपीव्ही विषाणूमुळे होते, बहुतेक वेळा त्यातल्या ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांमुळे, आणि संबंधानंतर काही महिन्यांनीही उगवू शकते, म्हणून ‘आत्ता कोणी दिली’ यावरून घरात भांडणं नकोत. हाता-पायाच्या चामखिळीचं औषध तिथे लावू नका, भाजेल. स्किनवाले गोठवून किंवा जाळून काढतात.

दांड्यावर किंवा अंडकोषाच्या पिशवीवर, कातडी ताणली की जास्त उठून दिसणारे पिवळट-पांढरे ठिपके म्हणजे फोर्डाइस स्पॉट्स, तेलग्रंथीच त्या, ओठांवरही असतात, सोडून द्या. पण दाणा चकचकीत, गोल आणि मध्ये खळगा असेल तर मोलस्कम, म्हणजे कातडीचा एक विषाणू-संसर्ग, तो पसरतो, फोडू नका, दाखवा. पिशवीवर लाल-जांभळे ठिपके वय वाढताना येतात, निरुपद्रवी असतात, खाजवले तर रक्त येतं एवढंच.

मुंबईचा घाम, दमट हवा आणि दिवसभर घट्ट जीन्स, त्यामुळे जांघेत गजकर्ण होतंच, आणि लोक मेडिकलमधून मिक्स ट्यूब आणून लावतात ज्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग दुप्पट पसरतं, कातडी पातळ होते. ह्या सवयीची मला खरंच चीड येते. लिंगावर आणि पिशवीवर खाजणाऱ्या गाठी, रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यातही खाज, रूममेटही खाजवतोय, तर ती खरूज. मग खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी मानेपासून खाली पूर्ण अंगाला औषध लावायला लागतं, नुसतं स्वतःपुरतं लावून भागत नाही.

आता जिथे थांबायचं नाही ते. पाण्याने भरलेले बारीक फोड घोळक्याने आले, आग होतेय, मग फुटून जखमा झाल्या, हे हर्पिसचं लक्षण, संबंधानंतर साधारण २ ते १२ दिवसांत दिसतं आणि गोळ्या लवकर सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो. सिफिलिसला वेळ लागतो, साधारण तीन आठवडे, कधी ९० दिवसांपर्यंत. बहुतेकदा एकच जखम, कडा टणक, दुखत नाही. उपचार न करताही ती ३ ते ६ आठवड्यांत भरून येते आणि माणूस म्हणतो सुटलो, पण आजार आतच असतो. रक्ततपासणी अगदी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, डॉक्टर परत करायला सांगतील तेव्हा करा. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. चार आठवडे झाले तरी न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ असेल तर कॅन्सर आहे का हे बघून घ्यायलाच हवं, आणि कातडी मागे जात नसेल तर आणखीच. पिशवीतल्या गोटीत (अंडकोषात) टणक गाठ लागली तर तो वेगळाच विषय, ती न दुखणारी असली तरी लगेच दाखवा.

जायचं कुठे, तर केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, १०९७ वर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं. लोकलच्या डब्यातल्या गुप्तरोगाच्या पोस्टरवरचे नंबर लावू नका प्लीज. जायच्या आधी काही फासू नका, पहिल्या दिवशीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, संसर्ग निघाला तर जोडीदारालाही घेऊन जा आणि बरं होईपर्यंत संबंध थांबवा. आणि केसपेपरच्या खिडकीवर ‘स्किन’ एवढंच म्हटलं तरी पुरतं, बाकीचं आत डॉक्टरला सांगायचं.