आर्क्टिक लिक्विड फ्रीझर थ्री 360: रेकॉर्डिंगच्या खोलीतून

कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरातच माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भजनी मंडळं, दुकानांच्या जाहिराती, कधी एखादा शाहीर. डफ कडाडत असतो तोवर कॉम्प्युटरचं काही वाटत नाही, पण शाहीर दम घ्यायला थांबला की माइक पंख्याची घरघर बरोबर उचलतो. म्हणून रायझन 9 7950एक्स प्रोसेसरवरचा टॉवर कूलर, म्हणजे नुसत्या हवेवर चालणारा, उतरवून हा 360 मिमीचा वॉटर कूलर बसवला.

घ्यायच्या आधी कॉम्प्युटरची केस आतून मोजा. पाणी निववणारा रेडिएटर 38 मिमी जाड, त्यावर 25 मिमीचे पंखे, म्हणजे 63 मिमी. वर जागा कमी असेल तर ते मदरबोर्डवरच्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, टेकतं. वायरिंग मात्र काटा किर्रर! पंखे, पंप आणि पंपावरचा तो छोटा पंखा, सगळ्यांची वायर नळीच्या आवरणातून येते आणि एकाच कनेक्टरवर सगळं चालतं. शांतता हवी असेल तर तेवढ्यावर थांबू नका. तिघांना वेगवेगळं चालवायची केबल डब्यातच असते, ती लावा. पंप एका मध्यम वेगावर कायम ठेवा. वेग सारखा वरखाली झाला की कान तिकडंच जातो.

पंखे हळू फिरले तरच कॉम्प्युटर गप्प बसतो, आणि पाणी तेवढी सवड देतं. बंबातलं पाणी कसं, तापायला वेळ आणि निवायलाही वेळ. प्रोसेसरचं तापमान क्षणात 20 अंश उडी मारतं, पाण्याचं तापमान जागचं हलत नाही. पण बायोस, म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, प्रोसेसरचं तापमान बघून पंखे पळवतं, त्यामुळं कूलर कितीही चांगला असला तरी रेकॉर्डिंगचं साधं प्लगइन उघडलं की भुर्रर्र. बायोसच्या फॅन कर्व्हमधला स्टेप-अप टाइम, म्हणजे पंख्यानं वेग वाढवायला घ्यायचा वेळ, वाढवला आणि ते थांबलं. वर 170 वॅटचा प्रोसेसर इको मोडमध्ये, म्हणजे कमी विजेच्या सेटिंगवर, 105 वॅटवर आणला. व्हिडिओ रेंडर व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, लागू दे.

येणारा प्रत्येकजण विचारतो, “भावा, पाणी गळलं तर?” लूप, म्हणजे पाणी फिरायची सगळी वाट, कारखान्यातूनच सीलबंद येतो, वॉरंटी 6 वर्षांची. पावसाळ्यात दव धरेल ही भीतीही नको, कारण हे पाणी खोलीपेक्षा गार होतच नाही. त्याच कारणानं मे महिन्यात एसी बंद करून रेकॉर्डिंगला बसलो की पंख्यांचा वेग चढतो. तिथं आर्क्टिक काय आणि दुसरं कोण काय, सगळे सारखेच.

तुमचा प्रोसेसर रायझन 7 7700सारखा 65 वॅटचा असेल तर यात पैसे घालू नका. बरा टॉवर कूलर घ्या, त्याला पंपच नसतो. उरलेले पैसे एसएसडीला, म्हणजे काहीच न फिरणाऱ्या डिस्कला लावा, खोलीतली हार्ड डिस्कची कुरकुरही जाते.