एजंट म्हणून महारेराची वेबसाइट रोज वापरल्यानंतर

मी घरांच्या खरेदी-विक्रीत एजंट आहे. रविवारी सकाळी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात बसून लोकांना घराचे कागद वाचून देतो. तिथे पैसे घेत नाही आणि आलेल्या माणसाला माझ्याकडचा फ्लॅटही दाखवत नाही. दोन्ही कामांत गेले कित्येक महिने सतत उघडी असते ती महारेराची, म्हणजे रेरा या घरखरेदी कायद्याखाली बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची वेबसाइट. प्रकल्पाला नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं बघून बहुतेक जण ती बंद करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरं वाचायचं असतं ते प्रकल्पाच्या पानावर. मंजूर नकाशे, टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा अहवाल), जमिनीवरचा कर्जाबिर्जाचा बोजा, चालू दावे, कराराचा मसुदा, सगळं तिथे असतं. मी आधी तारीख बघतो: काम पूर्ण करायची मूळ तारीख कोणती होती आणि मुदतवाढ किती वेळा घेतली.

मध्यंतरी संघात एक मावशी माहितीपत्रक घेऊन आल्या. त्यावर मोठ्या अक्षरांत ६५० चौरस फूट. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून प्रकल्पाचं पान उघडलं, तर त्या सदनिकेचा कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, ४१.५० चौरस मीटर. चौरस फूट काढायला मोबाइलवर त्याला १०.७६४ ने गुणायला सांगितलं. उत्तर आलं ४४७ च्या आसपास. मावशींनी पुन्हा गुणून बघितलं. मग म्हणाल्या, "अहो, मग बाकीचे दोनशे फूट कुठे गेले?" नेमका हाच प्रश्न त्यांनी सोमवारी बिल्डरच्या ऑफिसात विचारला आणि भाव कार्पेटवर बोलायला लावला. रेरा कायद्यात विक्रीचा हिशोब कार्पेटवरच धरला आहे, हे माहीत असलं की बोलायला बळ येतं.

त्याच बिल्डरला करारापूर्वी किमतीच्या २० टक्के हवे होते. रेराच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. हे मी धंद्यातही पहिल्या भेटीतच सांगतो. काही व्यवहार त्यामुळे हातचे जातात, पण जे ग्राहक टिकतात ते पुढे भावाला, साडूला घेऊन येतात. महारेराच्या २०२३ च्या आदेशानंतर आम्हा एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, ते मला मनापासून पटलं. लोकांची आयुष्यभराची पुंजी हाताळणाऱ्याला एवढं तरी यायलाच हवं.

मर्यादाही आहेत. पानावरची माहिती बिल्डरनेच भरलेली असते, त्यामुळे वकिलाकडून सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) घ्यावाच लागतो आणि साइटवर जाऊन किती स्लॅब पडलेत ते डोळ्यांनी बघावं लागतं. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही, मग पानच सापडत नाही. जुन्या रीसेल फ्लॅटलाही याचा फारसा उपयोग नाही.

ताबा रखडलेले लोक संघात येतात तेव्हा कलम १८ वाचून दाखवतो: बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत, थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. तक्रार भरण्याआधी मात्र करार, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या आणि बिल्डरची पत्रं तारखेप्रमाणे लावून आणायला सांगतो. ही फाइल तयार असली की अर्ज एका बैठकीत भरून होतो.