रापलेल्या रंगाला भुललो

जुना ट्रॅक्टर घेताना नव्या रंगापासून सावध राहावे, हे मला ठाऊक होते. जुन्या रंगापासूनही तितकेच सावध राहावे लागते, हे कळायला मात्र 2,40,000 रुपये मोजावे लागले. पुण्याच्या आसपास हौसेखातर जुने ट्रॅक्टर शोधणारे हल्ली बरेच भेटतात. त्यांच्यापैकी एखाद्याचे तरी पैसे वाचावेत म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

मला हवा होता इंटरनॅशनल बी-275. महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी 1963 साली एकत्र येऊन कंपनी काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यातून हे लाल ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. 1977 साली ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर असा तो सरळसाधा ट्रॅक्टर आमच्या वडिलांकडे पंधरा वर्षे होता. तो विकला तेव्हा मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरीला होतो आणि विकू नका म्हणण्याइतका पगार मला नव्हता. निवृत्तीनंतर तसाच एक मिळवायचा, आणि तोही शक्यतो कोणाचा हात न लागलेला, हे मी तेव्हापासून मनाशी धरून होतो.

या 'हात न लागलेला' शब्दांतच सगळे आले. जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांत दोन पंथ आहेत. एकाच्या मते ट्रॅक्टर पार सोलून काढावा आणि कारखान्यातून निघाला तेव्हा दिसत होता तसा रंगवावा. दुसऱ्याच्या मते रंग पुन्हा कितीही वेळा देता येतो, पण मूळ रंग एकदाच असतो, त्यामुळे उन्हाने उडालेला, हातापायांनी झिजलेला तो थर हीच त्या यंत्राची जन्मपत्रिका समजावी आणि तिला हात लावू नये. मी दुसऱ्या पंथाचा. त्यामागे भावना होती तशी व्यावहारिक शंकाही होती, कारण ताज्या रंगाखाली पुट्टी, वेल्डिंग आणि ब्लॉकला गेलेली चीरसुद्धा झाकता येते, हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिले होते. झिजलेल्या रंगाखाली काय लपणार, असे मी गृहीत धरले.

पहिला ट्रॅक्टर मी पुरंदर तालुक्यात पाहिला. मालक सत्तरीचे आबा. त्यांनी तो दर दोन-तीन वर्षांनी दसऱ्याच्या आधी स्वतः ब्रशने रंगवलेला होता, आणि तो इतक्या उदार हाताने की रबरी पाइप, नटबोल्ट, कंपनीची अक्षरे सगळे एकाच लाल रंगात बुडाले होते आणि मडगार्डखाली रंगाचे ओघळ तसेच वाळले होते. किंमत 1,10,000. मी जरा नाक मुरडले तेव्हा आबा म्हणाले, "उन्हापावसात उभा असतो तो. रंग नाही दिला तर गंज पत्रा खाईल की." मी शहरी माणसाच्या समजूतदारपणाने मान डोलावली आणि निघून आलो.

दुसरा नगर रस्त्यावर वाघोलीच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. बॉनेटचा लाल रंग विटून गुलाबीसर झालेला, कडांवर उघडे लोखंड, त्यावर तपकिरी गंजाची मखमल, टाकीखाली डिझेलचा काळा ओघळ. विकणारा तरुण आणि अदबशीर होता. "साहेब, याला मी फडकंसुद्धा मारलेलं नाही. रंग दिला असता तर लाखभर जास्त आले असते, पण अशा वस्तूची माती करायची नाही," असे तो म्हणाला. त्याने वस्तू विकलीच नाही, माझेच मत मला परत विकले. याशिवाय व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करून देण्याचे आश्वासनही त्याने दिले. 2021 साली आलेला तो नियम पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींना आणि खासगी मोटारींना लागू आहे, ट्रॅक्टरला नाही, हे मी घरी बसून पाच मिनिटांत वाचू शकलो असतो. वाचले नाही. 40,000 इसार दिला, 80,000 बँकेतून आणि उरलेले 1,20,000 रोख. पावती फक्त इसाराची. नाव लावून द्यायचे काम एजंट करेल, असे ठरले.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पांढरट चट्टे उमटले. उन्हाने विटलेला रंग पावसाने पांढरा होत नाही, एवढे मला कळत होते. हडपसरच्या एका जुन्या फिटरमामांना बोलावले. त्यांनी उमेदीत हेच ट्रॅक्टर उघडले होते. इंजिनाला हातही न लावता त्यांनी आधी मडगार्ड पाहिले आणि विचारले, "साहेब, यावर कोण बसायचं?" मला प्रश्न कळेना. मग त्यांनी दाखवले. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसल्याशिवाय ट्रॅक्टर रानात जात नाही, त्यामुळे खऱ्या जुन्या मडगार्डची वरची सपाट जागा लेंग्या-पॅंटींनी घासून आरशासारखी गुळगुळीत झालेली असते. इथे तीच जागा शाबूत होती आणि झीज होती बाहेरच्या खालच्या कडेला, जिथे कोणाचे काही टेकत नाही. पाय ठेवायच्या पाट्यांचे तेच. चढ-उताराची बाजू जास्त झिजायला हवी, पण दोन्हीकडे सारखीच मोजून घासलेली.

नंतर त्यांनी पांढरे फडके ओले करून बॉनेटवर दाबून फिरवले. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या जुन्या रंगाची वरची कातडी खडूसारखी भुसभुशीत होते आणि फडक्याला लाली लागते. आमचे फडके स्वच्छ राहिले, कारण वर मॅट लॅकरचा, म्हणजे चमक नसलेल्या पारदर्शक वार्निशचा, हात होता आणि पावसात पांढरा पडलेला तोच. आतल्या बाजूला न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा दाबून धरला, तर रंग क्षणात चिकट होऊन बोळ्याला आला. कारखान्यातला मुरलेला रंग इतक्या लवकर सुटत नाही. शेवटी बॉनेटवरचे नावाचे अक्षर काढले. पन्नास वर्षे झाकलेल्या जागी रंग गडद हवा. तिथेही तोच विटका गुलाबी.

करतात कसे, तेही मामांनी सांगितले. बाजारात मिळणारा नवा डुप्लिकेट पत्रा बसवायचा, लाल स्प्रे मारायचा, कडा पॉलिशपेपरने उघड्या करायच्या, उघड्या लोखंडावर मीठ आणि व्हिनेगर मारून रातोरात गंज चढवायचा, ओघळांसाठी जळके ऑइल वापरायचे आणि सगळ्यावर लॅकर मारून तो गंज जागच्या जागी थांबवायचा. नव्या पितळेला जुने करून विकणारे मी पाहिले होते, पण एवढ्या आकाराच्या वस्तूबद्दल कधी शंका आली नव्हती. मूळ रंग राखायचा असेल तर जाणकार फार तर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात देतात, पण तो वास आणि तो स्पर्श लॅकरपेक्षा वेगळा असतो.

इथवर हे केवळ हौसेचे नुकसान म्हणता आले असते. खरा घाव पुढे होता. नंबरची पट्टी कारखान्यात ठोकून बसवतात तशा स्क्रूंऐवजी कोणालाही मारता येतील अशा पॉप रिव्हेटने लावलेली निघाली आणि चासिसवरच्या आकड्यांची जागा कानशीने घासलेली होती. आरसी बुक एका ट्रॅक्टरचे, सांगाडा दुसऱ्याचा आणि गिअरबॉक्स बहुधा तिसऱ्याचा. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरून झाले होते, पण तपासणीत नंबर जुळला नाही आणि आरटीओने नाव लावायला नकार दिला. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. हे पुस्तक कधीच मुदतबाह्य झालेले होते, आणि मी त्यावरची तारीख पाहण्याऐवजी त्याच्या पिवळ्या पडलेल्या पानांवर खूश झालो होतो. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. रोख दिलेल्या रकमेचा पुरावा काय, हा पहिलाच प्रश्न आला.

पुढे मामांना घेऊन मी आबांकडे गेलो. त्यांचा ट्रॅक्टर शेजारच्या गावात मळणीयंत्रावर चालू होता, विकून महिना झाला होता. मात्र बदललेला एक जुना साइड पत्रा गोठ्याला टेकवून ठेवलेला होता. मामांनी कानशीच्या टोकाने तो थोडा खरवडला. लालाखाली लाल, त्याखाली कुठल्याशा वर्षी हाती लागला म्हणून दिलेला केशरी, पुन्हा लाल, आणि सर्वांत खाली 'बँकेच्या अर्थसहाय्याने' एवढी अक्षरे, ज्यांच्याभोवतीचा कारखान्याचा रंग अजून टणक होता. ट्रॅक्टरच्या आरसी बुकावरही बँकेच्या कर्जाचा बोजा होता आणि तो उतरवल्याची नोंद होती, असे आबांनी सांगितले. मी त्या दिवशी त्यांना पुस्तक मागितलेच नव्हते.

माझा ट्रॅक्टर ताडपत्रीखाली उभा आहे. तक्रार निकाली निघेपर्यंत तो मला विकता येत नाही आणि रंगवताही येत नाही, कारण आता तो खोटा गंजच माझा पुरावा आहे. गेल्या आठवड्यात एका ओळखीच्यांनी मोबाइलवर एका जाहिरातीचे फोटो पाठवून मत विचारले. ट्रॅक्टर वेगळा होता, शेडचा निळा पत्रा तोच होता आणि मडगार्डची झीज पुन्हा खालच्या कडेलाच होती. जाताना ओले फडके, थिनरची बाटली आणि मामांना सोबत न्या, इसार चेकने द्या आणि नंबर स्वतःच्या बोटाने चाचपून पाहा, असे त्यांना कळवले आहे.