मार्नची टॅक्सी आणि लाल विजारींचे सैनिक: आयसीएमच्या १/३५ संचाचा परिचय

युक्रेनमधील आयसीएम या कंपनीचा मार्नच्या टॅक्सीचा १/३५ प्रमाणातील प्लास्टिक संच मी गेल्या पावसाळ्यात बांधून पूर्ण केला. रेनो कंपनीची एजी जातीची १९१० च्या सुमाराची टॅक्सी आणि तिच्यासोबत १९१४ मधील फ्रेंच पायदळाचे सैनिक असा हा संच आहे. जुन्या मोटारींच्या प्रतिकृती पुष्कळ मिळतात आणि सैनिकांच्या मूर्तींची तर गणतीच नाही. परंतु भाड्याने फिरणारी शहरी गाडी आणि तिच्यात बसून लढाईवर निघालेली माणसे एकाच पेटीत मिळण्याचा योग दुर्मीळ आहे. दोन महिने रोज संध्याकाळी या संचासोबत घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, गाडी चांगलीच आहे, पण हा संच घ्यावा तो माणसांसाठी, आणि गाडीचा प्रत्येक निर्णय त्या माणसांकडे पाहून घ्यावा.

ज्या प्रसंगावर हा संच बेतलेला आहे तो थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण देखाव्यातील जवळजवळ प्रत्येक तपशील तेथून येतो. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, सप्टेंबर १९१४ च्या पहिल्या आठवड्यात, जर्मन सैन्य पॅरिसच्या जवळ येऊन ठेपले होते. पॅरिसचे लष्करी गव्हर्नर जनरल गालिएनी यांनी शहरातील टॅक्सी ताब्यात घेण्याचा आदेश दिला, त्या टॅक्सी अँव्हालिद या जुन्या लष्करी वास्तूपुढच्या मैदानावर जमल्या, आणि सुमारे ६०० टॅक्सींनी ६ व ७ सप्टेंबरच्या सुमारास सातव्या डिव्हिजनच्या काही हजार सैनिकांना नाँतय-ल-ओदुअँ या गावाच्या दिशेने पोहोचवले. एका गाडीत चार-पाच सैनिक, सोबत त्यांच्या पाठपिशव्या व बंदुका, आणि रात्रीच्या प्रवासात पुढचे दिवे विझवलेले, असा तो ताफा होता. मार्न नदीच्या परिसरातील या लढाईत दोन्ही बाजूंनी मिळून दहा लाखांहून अधिक सैनिक उतरले होते. त्या तुलनेत टॅक्सींनी नेलेली संख्या अगदी लहान होती आणि लढाईचा निकाल काही तिने लागला नाही. परंतु शहराने आपली रोजची वाहने सैन्याच्या हवाली केली ही गोष्ट फ्रेंच लोकांच्या मनात कायमची घर करून राहिली. त्यांपैकी एक टॅक्सी आजही अँव्हालिदमधील लष्करी संग्रहालयात पाहायला मिळते.

आता गाडीविषयी. रेनो एजी ओळखू येते ती तिच्या उतरत्या नाकाच्या बॉनेटवरून. त्या काळच्या रेनो गाड्यांचा रेडिएटर इंजिनाच्या पुढे नसून मागे, चालकाच्या पायांच्या बाजूला असे, त्यामुळे पुढे जाळी नाही, केवळ खाली झुकत गेलेला पत्रा आहे. हा उतार जरा जरी चुकला तरी गाडी रेनो वाटत नाही. संचातील बॉनेट या बाबतीत निर्दोष आहे आणि पहिला रंग चढल्याबरोबर ते जाणवते. मूळ गाडीचे इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे १२०० घनसेंटीमीटरचे होते. एवढ्याशा ताकदीवर पाच सशस्त्र माणसे ओढत नेणाऱ्या गाडीचा हलकेपणा चाकांच्या बारीक आऱ्यांत आणि पातळ मडगार्डांत नेमका उतरला आहे.

हा बारीकपणाच नवशिक्यासाठी कसोटीचा ठरतो. आरे, दिव्यांचे दांडे आणि इंजिन सुरू करण्याचे हॅण्डल, सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून कापताना पक्कड वापरू नये. बारीक दातांच्या पात्याने, भागाला बोटाचा आधार देऊन, दोन बाजूंनी थोडे थोडे कापावे. मी घाईत हॅण्डल मोडले आणि तांब्याच्या तारेचे नवे करावे लागले. ही चूक सर्वस्वी माझी होती. ज्याने आजवर एकही संच बांधलेला नाही त्याने आरंभ या संचाने करू नये. दोन-तीन साध्या गाड्या हातावेगळ्या केलेल्या असतील तर मात्र यात अडचण अशी काही नाही. जोड नीट बसतात आणि फटी बुजवायची पुटी अगदी थोडी लागते. एकच बदल सुचवतो: मागच्या आसनांचा आतील भाग, गादी व दारांच्या आतली बाजू हे सर्व रंगवून वाळल्याशिवाय वरचा भाग चिकटवू नये, कारण नंतर तेथे कुंचला पोहोचत नाही.

संच मागवताना आलेला एक अनुभव येथे नोंदवतो. मी तो एका दुकानातून टपालाने मागवला. पेटी आधी उघडून पुन्हा बंद केलेली होती आणि काचांची चौकट पिशवीबाहेर सुटी पडल्यामुळे त्यांवर ओरखडे उठले होते. दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला. शेवटी अतिबारीक पॉलिश कागदाने पाण्याखाली घासून आणि पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशात बुडवून मी त्या काचा वापरण्याजोग्या केल्या. आयात शुल्कासह तीन हजारांच्या पुढे रक्कम मोजल्यानंतर असे होऊ नये. म्हणून, ज्यांना शक्य असेल त्यांनी दुकानात स्वतः जाऊन, पेटी उघडून पाहूनच संच घ्यावा.

रंगकामाचा विचार मी गाडीपासून नव्हे, तर सैनिकांच्या विजारींपासून सुरू केला. १९१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधला फ्रेंच पायदळाचा सैनिक लाल विजार आणि निळसर करडा लांब डगला घालून लढत होता. आपल्या डोळ्यांपुढे पहिल्या महायुद्धातला जो फिकट निळ्या गणवेशातला फ्रेंच सैनिक येतो तो १९१५ पासूनचा. या लाल रंगाला फ्रेंचमध्ये ‘गारांस’ म्हणतात, आणि ज्या वनस्पतीच्या मुळांवरून हे नाव आले ती आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण आहे. १९१४ पर्यंत वनस्पतीची जागा कृत्रिम रंगाने घेतली होती, तरी छटा तीच राहिली: किंचित विटकरीकडे झुकणारी, लोकरीच्या जाड कापडात मुरलेली. बाजारातला भडक लाल रंग सरळ लावला तर सैनिक बँडपथकातले दिसू लागतात. मी गडद तपकिरी-लाल थर प्रथम दिला, त्यावर मूळ लाल चढवला आणि उजळ कडांसाठी लालमध्ये पांढरा न मिसळता नारिंगी व थोडा त्वचेचा रंग मिसळला. पांढरा मिसळला की लाल गुलाबी होतो आणि मग कितीही पातळ थर दिले तरी तो गुलाबीपणा जात नाही. शेवटी गुडघ्यांवर आणि पोटऱ्यांपाशी रस्त्याच्या धुळीचा फिकट मातकट रंग कोरड्या कुंचल्याने घासला. ऑगस्टच्या अखेरीपासून माघारीत चाललेल्या सैन्याच्या अंगावर धूळ असणारच.

गाडीच्या रंगाचा प्रश्न येथेच उभा राहतो. संग्रहालयातील टॅक्सीच्या धर्तीवर गाडीही लाल रंगवायची ठरवली, तर लाल विजारी तिच्यापुढे उभ्या राहिल्यावर विरून जातात. मी एका फुटक्या बॉनेटवर चार छटा लावून पाहिल्या आणि गाडीसाठी लाखेसारखा गडद, काळसर लाल निवडला. त्यावर मडगार्ड व टप काळे, आणि पत्र्याला अर्धवट चकाकी. सैनिकांच्या विजारी मात्र पूर्ण निस्तेज ठेवल्या. एकच रंग कापडावर आणि पत्र्यावर किती वेगळा दिसतो हे दाखवण्याची संधी या देखाव्यात आपोआप मिळते, आणि माझ्या मते या संचातला सर्वांत आनंदाचा भाग हाच आहे.

चकाकीच्या थराबाबत आपल्याकडच्या हवेचा विचार करणे भाग आहे. जुलैच्या दमट दिवसांत लॅकर जातीचे वार्निश फवारले की वाळताना त्यात पाण्याची वाफ अडकते आणि गडद पत्र्यावर दुधाळ पापुद्रा दिसू लागतो. माझ्या गाडीच्या डाव्या दारावर तसे झाले. पाऊस उघडलेल्या दुपारी, संथ सुकणाऱ्या थिनरचा एक अगदी हलका हात फिरवल्यावर तो पापुद्रा विरघळला. पावसाळ्यात हे काम करायचेच असेल तर खोली बंद करून थोडा वेळ दिवा किंवा हीटर लावून हवा कोरडी करावी, आणि फवारणी सुरू करण्यापूर्वी हीटर बंद करून खिडकी उघडावी.

मूर्तींकडे वळतो. १/३५ प्रमाणात मध्यम उंचीचा माणूस जेमतेम पाच सेंटीमीटरचा होतो आणि त्याचा चेहरा तुरीच्या दाण्याहून फार मोठा नसतो. आपण सगळे लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडत आलो आहोत. तेथे दरवाजापेक्षा पहारेकरी उंच असला तरी कोणाला खटकत नाही, कारण किल्ला हा आठवणीचा आणि उत्साहाचा असतो. या देखाव्यात मात्र माणूस आणि गाडी यांचे माप एकच आहे. म्हणूनच पायरीवर पाय ठेवून उभा असलेला सैनिक खरोखर त्या दारातून आत शिरू शकेल का, हे डोळा लगेच ताडतो. पेटीतील मूर्ती जशाच्या तशा उभ्या करण्याऐवजी मी दोघांच्या माना आणि एकाचा हात कापून दिशा बदलली. एकाची नजर गाडीच्या आतील गादीकडे आहे, दुसरा सोबत्याच्या हातातील लेबेल रायफल सांभाळतो आहे. मूर्तींमधील अंतर आणि नजरा जुळल्या की रंगकामातील लहानसहान उणिवा झाकल्या जातात. नजरा जुळल्या नाहीत तर उत्तम रंगवलेल्या मूर्तीही दुकानातल्या फळीवर ठेवल्यासारख्या सुट्या वाटतात.

डोळ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अनेकजण येथेच हिरमुसतात. गणपतीच्या मूर्तीत डोळ्यांची आखणी हे कारखान्यातले सर्वांत कसलेल्या हाताचे काम असते आणि मूर्तीत जीव येतो तो त्या क्षणी. आपल्या मनावर तो संस्कार असल्यामुळे आपण या लहान चेहऱ्यांवरही पांढरे डोळे आणि काळी बुबुळे काढू पाहतो, आणि सैनिक घाबरून टक लावून पाहत असल्यासारखा दिसू लागतो. टोपीच्या चोचीखाली, भर उजेडात, हातभर अंतरावरून माणसाचे डोळे पांढरे दिसत नाहीत, दिसते ती केवळ सावली. मी भुवईखाली तेलरंगातील गडद तपकिरीची एक रेघ दिली, ती अर्धी सुकल्यावर स्वच्छ कुंचल्याने खालच्या पापणीकडे ओढली आणि गालाच्या हाडावर त्वचेच्या रंगाचा एक उजळ ठिपका ठेवला. चौघांपैकी फक्त गाडीच्या आत पाहणाऱ्या सैनिकाला मी बुबुळे दिली आहेत, तीही शुद्ध काळ्याऐवजी गडद तपकिरी रंगाची. टोपीवर निळे आच्छादन ठेवले आहे, जे केपी ही फ्रेंच सैनिकांची लाल टोपी झाकण्यासाठी युद्धकाळात घालत असत, आणि डगल्याच्या पुढच्या दोन्ही चोची चालताना अडू नयेत म्हणून मागे बटणाला अडकवलेल्या आहेत. मूर्तीच्या घडणीत ही घडी इतकी स्पष्ट आहे की सावलीसाठी खूप पातळ केलेल्या गडद रंगाचा एक हात (वॉश) सोडला तर तेथे वेगळे काही करावे लागत नाही.

चालकाची मूर्ती मी शिल्लक भागांतून तयार केली, कारण मला तो आसनावर बसलेला नको होता, गाडीपुढे हॅण्डलजवळ उभा हवा होता. तो गणवेशात नाही. त्याला धुळीचा लांब अंगरखा आणि चोचीची टोपी दिली. चार लाल विजारींच्या शेजारी एक साधा नागरी माणूस उभा राहिला आणि या गाडीचा धंदा काय होता हे पाटी न लावता कळू लागले. स्थळासाठी मी पॅरिसच्या पूर्वेकडचे गान्यी निवडले, जेथे सैनिक टॅक्सींमध्ये चढले. जमीन म्हणून चिकणमाती व बारीक चाळलेली वाळू यांचा थर, त्यावर चाकांचे उथळ ठसे आणि एका बाजूला दगडी कडेचा तुकडा एवढेच ठेवले. इमारत मुद्दाम टाळली. एवढ्या लहान पायावर भिंत उभी केली की नजर गाडीवरून निघून खिडक्या मोजू लागते.

नंबरपाटीवर शेवटी जी ७ ही खूण आहे. या टॅक्सींच्या मालक कंपनीला तिच्या पाट्यांवरच्या याच खुणेवरून पुढे जी ७ हे नाव पडले. एवढी बारीक अक्षरे हाताने लिहिणे शक्य नाही. ती डिकॅलनेच, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्यानेच, लावावीत आणि डिकॅल मऊ करणारे द्रावण दोनदा द्यावे, म्हणजे पाटीच्या कडेला पांढरी रेघ राहत नाही.

सर्वांत शेवटी मी मीटर रंगवला. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर बाहेरच्या अंगाला झेंडीचा यांत्रिक मीटर असे आणि ‘मीटर टाका’ म्हटले की चालक हात बाहेर काढून ती झेंडी खाली फिरवत असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पॅरिसच्या या टॅक्सीवरची झेंडी लगेच ओळखता येईल. त्या रात्री गालिएनींच्या आदेशावर निघालेल्या टॅक्सींचे मीटर चालूच होते. पुढे फ्रेंच सरकारने मीटरवरील आकड्याच्या २७ टक्के रक्कम चालकांना दिली आणि एकूण खर्च ७०,०१२ फ्रँक झाला. पेटीवरील चित्राकडे न पाहता मी झेंडीचा दांडा कापला, खालच्या दिशेला वळवून पुन्हा चिकटवला आणि तिच्यावर पितळी रंगाचा एक ठिपका दिला.