नाव न विचारणारं अ‍ॅप : ‘पीटीएसडी कोच’ वापरून पाहिलं

‘पीटीएसडी कोच’ हे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचं मोफत अ‍ॅप. २०११ पासून आहे. पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार. लढाई, स्फोट, अपघात, अशा कशाचाही धसका मनात घर करून बसलेल्या माणसासाठी ते बनवलंय. मी आर्मी मेडिकल कोअरमधून हवालदार म्हणून रिटायर झालो. नर्सिंग असिस्टंट होतो, नोकरीतली काही वर्षं राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनबरोबर कुपवाड्याला काढली. आता ऐरोलीत राहतो आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याची फर्स्ट एड रूम सांभाळतो. मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण हे अ‍ॅप ज्यांच्यासाठी आहे ती माणसं एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या, बाकड्यावर बसलेली मी रोज पाहिलीत. पोटात जळजळतंय, डोकं ठणकतंय, पाठ धरलीय, एवढंच सांगणारी. रात्री झोप लागत नाही हे त्यातला एखादाच बोलायचा, तेही औषध घेऊन दारातून निघताना.

अ‍ॅप उघडलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे की ते काही विचारतच नाही. नाव नको, नंबर नको, ओटीपी नको. हल्ली मॉलमध्ये बनियन घेतलं तरी मोबाइल नंबर मागतात, त्यामुळे मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

फौजेत न राहिलेल्यांना यात काय विशेष, असं वाटेल. फौजेत मेडिकल कॅटेगरी ठरवण्याच्या पद्धतीला ‘शेप’ म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर एस, ते मनाच्या तब्येतीचं. बाकी कान, हातपाय, डोळे नंतर. शेप-वन असला की माणूस पूर्ण फिट. एकदा कॅटेगरी लागली की प्रमोशन अडतं, पोस्टिंग बदलतं, आणि बॅरकमध्ये कुजबुज सुरू होते ती वेगळीच. गुडघ्याची कॅटेगरी लागलेला लंगडत का होईना, ताठ मानेने फिरतो. एसची लागलेला लंगरमध्येही कोपऱ्यात बसतो. म्हणून जवान पोटदुखी सांगतात.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. २०११ मध्येच अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. इराकहून परतलेल्या एका इन्फंट्री ब्रिगेडच्या सैनिकांची नेहमीची सक्तीची तपासणी झाली, तिच्यात नाव लिहावं लागतं. मग त्यांच्यातल्याच काहींकडून तेच प्रश्न निनावी कागदावर भरून घेतले. नैराश्य, पीटीएसडी, आत्महत्येचे विचार, सगळ्याचं प्रमाण निनावी कागदावर दुप्पट ते चौपट निघालं. त्याआधी २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इराक-अफगाणिस्तानला गेलेल्या तुकड्यांवरचा अभ्यास आला होता. चाचणीत ज्यांना मानसिक त्रास दिसला, त्यांच्यापैकी फक्त २३ ते ४० टक्के लोकांनी मदत मागितली होती. उरलेल्यांना भीती कसली, तर आपल्याला कमजोर समजतील याची. हे आकडे वाचले तेव्हा मला आमचं बाकडं आठवलं.

त्यामुळे या अ‍ॅपला माझ्याकडून सगळ्यात जास्त मार्क नाव न विचारण्याचे.

आता आत काय आहे ते. वीस प्रश्नांची एक चाचणी आहे, पीसीएल-५ नावाची. डॉक्टर लोकही हीच वापरतात. गेल्या महिन्याभरात नको त्या आठवणी किती आल्या, वाईट स्वप्नं पडली का, आवाजाला दचकता का, जवळच्या माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की तज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यावं, असा संकेत आहे. एवढ्यावरून आजार आहेच असं ठरत नाही. दर काही आठवड्यांनी चाचणी दिली की गुणांचा आलेख तयार होतो. पुढेमागे डॉक्टरकडे गेलात तर सुरुवात कुठून करू हा प्रश्न पडत नाही, तो आलेख समोर धरायचा.

आमच्या कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे, तोही रिटायर्ड नायक, इन्फंट्रीचा. त्याला न विचारता त्याच्याबद्दल लिहीत नाहीये, त्याने हो म्हटलंय. चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मी एकेक प्रश्न मराठीत सांगत होतो आणि तो बोटाने गुण दाबत होता. सतत सावध, पहाऱ्यावर असल्यासारखं वाटतं का, हा प्रश्न आला. तो म्हणाला, “डॉक्टरसाब, पगारच त्याचा घेतो ना मी.” दोघंही हसलो. मग मी विचारलं, ड्युटी संपल्यावर? त्याने थोडा विचार केला आणि चार दाबले. चिडचिडीच्या प्रश्नाला म्हणाला, हे बायकोला विचारावं लागेल. तिथेही चारच. बेरीज आली तेव्हा आकड्याकडे न बघता त्याने आधी विचारलं, “हे कुठं जातं?” कुठे जात नाही, फोनमध्येच राहतं, असं सांगितल्यावर मग बघितलं. फोनला लॉक मात्र घाला. पोरं गेम खेळायला फोन घेतात.

दुसरा भाग त्रास आटोक्यात आणण्याचा. राग आलाय, झोप येत नाहीये, जुन्या प्रसंगाची आठवण झालीये, यातलं एक निवडायचं. पडद्यावर थर्मामीटरसारखी पट्टी येते, त्यावर त्रास शून्य ते दहा किती ते लावायचं, मग अ‍ॅप एखादा उपाय सुचवतं. तो करून झाला की पुन्हा पट्टी. नाही आवडला तर अंगठा खाली करायचा. मला स्नायू आवळून सैल सोडायचा व्यायाम मानवला आणि श्वासाचा. संध्याकाळी ठाण्याला नऊ-दहा नंबरवर पनवेल गाडीची गर्दी असते तेव्हा मी अजूनही खांबाला पाठ लावूनच उभा राहतो, मागून कुणी आलेलं चालत नाही. तिथे कानात इअरफोन घालून श्वासाचा व्यायाम केला. पट्टी सातावरून चारावर आली. पाठ खांबालाच होती, पण गाडी सोडून द्यावी लागली नाही. स्वतःचे फोटो आणि गाणी घालायचीही सोय आहे. मी सज्जनगडाचा फोटो लावलाय.

आता उणं काय ते. सगळं इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीही अमेरिकन उच्चारांची. माझं भागतं, गेटवरच्या नायकाचं नाही भागत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वीडन यांनी आपापल्या आवृत्त्या केल्यात, मग आपल्याला काय धाड भरलीय? मदतीच्या पानावरचे फोन नंबर अमेरिकेचे, ते ऐरोलीतून लावून उपयोग शून्य.

दारूबद्दल तर मला आणखी खूप हवं होतं. ब्रिटनमध्ये २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये जवळपास दहा हजार सैनिकांचा अभ्यास छापून आला. पीटीएसडीची शक्यता चार टक्क्यांत, आणि दारूचा अतिरेक १३ टक्क्यांत. फौजी कॅन्टीनची रम स्वस्त असते आणि तिच्यावर झोप लागते असं वाटतं, हे मी कुणाला सांगायला नको. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. अमेरिकेच्याच २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी बेन्झोडायझेपिन गटाच्या गोळ्या देऊ नयेत असं म्हटलंय. आपल्याकडे त्याच गोळ्या जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं चालू असलेले लोक मला माहीत आहेत.

आणि मुख्य उणं म्हणजे नाव न विचारण्याची दुसरी बाजू. अ‍ॅपला तुमचं नाव माहीत नाही, त्यामुळे तुम्ही महिनाभर उघडलं नाही तर त्याला काही वाटत नाही. २००४ च्याच अभ्यासात इराकहून आलेल्यांमध्ये एकही चकमक न पाहिलेल्यांत पीटीएसडीचं प्रमाण साडेचार टक्के होतं, पाचाहून जास्त चकमकी पाहिलेल्यांत १९.३ टक्के. एवढं ओझं घेऊन आलेल्या माणसाला पट्टी सरकवून किती हलकं वाटणार? २०१७ मध्ये या अ‍ॅपची १२० लोकांवर चाचणी झाली, काहींना ते वापरायला दिलं, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. वापरणाऱ्यांच्यात सुधारणा जास्त दिसली, पण शेवटी दोन्ही गटांच्या सरासरीत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. म्हणजे टेकू म्हणून ठीक, उपचार म्हणून नाही. मुख्य उपचार म्हणजे तज्ज्ञासमोर बसून त्या प्रसंगाकडे हळूहळू पुन्हा बघणं, त्याची जागा फोन घेत नाही.

म्हणून अ‍ॅपमध्ये आपल्या माणसांचे नंबर टाकायची जी जागा आहे, तिथे मी पहिला नंबर १४४१६ टाकला. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये फौजींसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला. तिथल्या माणसाला ओपी (टेहळणीची चौकी) म्हणजे काय आणि रोड ओपनिंग (ताफा जाण्याआधी रस्ता तपासणं) म्हणजे काय हे समजावत बसावं लागू नये, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. नायकाच्या फोनमध्येही तोच नंबर पहिला आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळतं, जाहिराती नाहीत. घरच्यांसाठी याच विभागाचं ‘पीटीएसडी फॅमिली कोच’ नावाचं वेगळं अ‍ॅप आहे. ते माझी बायको वापरतेय, त्याचे तारे तिचे ती देईल.