9 सप्टेंबरची शॉर्टफिल्म: कॅमेरा झकास, पण हुतात्मे पाच होते हो!

9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारच्या प्रभातफेरीवर इंग्रजांच्या पोलिसांनी गोळीबार केला, त्यात गेलेल्या शाळकरी शिरीषकुमार मेहतावर शाळेत दाखवायला म्हणून गावातल्याच एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून बारा मिनिटांची शॉर्टफिल्म करून घेतली. सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात, त्यामुळे व्यवहारही माझाच. दुकानाचं नाव लिहीत नाही, पोरगा कष्टाळू आहे.

चित्रीकरणाला तोड नाही. नंदुरबारची सकाळ ड्रोनमधून, मग एकदम खाली माणिक चौकाकडे निघालेले अनवाणी पाय. आवाज इतका साफ की आमच्या खरखरणाऱ्या स्पीकरवरही शब्द न् शब्द कळला. वेळेत दिली, हेही सांगायला हवं.

पण प्रभातफेरीतल्या पोरांच्या हातात झेंडा कोणता? अशोकचक्राचा! साल 1942. तेव्हा तिरंग्यावर चरखा होता, चक्र आलं जुलै 1947 मध्ये. सांगितलं तर म्हणतो, ‘‘सर, इतलं कोन देखस?’’ झेंडे म्हणे स्टेशनरीच्या दुकानातून डझनाने आणले होते. घोषणेचंही तेच. ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनु’ ही त्या फेरीची ओळख. मेहतांच्या घरची भाषा गुजराती. फिल्ममध्ये त्याजागी हिंदी डायलॉग आणि मागे ढोल.

हेही चालवून घेतलं असतं. खरा राग वेगळाच आहे. त्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता गेला, सोळावं चालू होतं त्याला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. चौकातलं स्मारक पाचांचं. फिल्ममध्ये मात्र बाकीचे चौघे गर्दीत धूसर! मुलींवर रोखलेल्या बंदुकीसमोर शिरीष उभा राहतो, या प्रसंगालाच जवळजवळ चार मिनिटं, तीही स्लो मोशनमध्ये. पोरं रडली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात विचारलं, तर डायलॉग सगळ्यांना पाठ, दुसरं नाव एकालाही नाही. (स्टाफरूममध्येही विचारलं. ते जाऊ द्या.)

व्हिडिओवाल्याचं म्हणणं, ‘‘पब्लिकले एकच हिरो लागस.’’ मला नाही पटत. पाटण्याला सचिवालयासमोर देवीप्रसाद रॉयचौधुरींचं शिल्प आहे, 11 ऑगस्ट 1942 ला तिथे गोळीबारात गेलेल्या सात विद्यार्थ्यांचं. झेंडा एकाच्याच हातात, पण सातही जण पुरत्या उंचीचे. कोणी कोसळतोय, कोणी अजून पुढे रेटतोय. नजर झेंड्यापासून सुरू झाली तरी सातांवरून फिरतेच. बारा मिनिटांत पाच चेहरे दाखवायला असा काय खर्च आला असता? आमच्या वर्गातलीच पाच पोरं फुकट उभी राहिली असती.

चौघांची नावं टाकायला 2,000 रुपये वेगळे घेतले. टाकली ती शेवटी, आभाराच्या पाटीनंतर, सरसर वर जाणारी. त्यातही ‘धनसुकलाल’!

लग्न, साखरपुडा, जाऊळ असेल तर बिनधास्त द्या, पाचपैकी साडेचार तारे. असलं काम द्यायचं असेल तर माझ्याकडून दोन. नावं स्वतः टाइप करून द्या, झेंडा आपल्या हाताने शिवून घ्या आणि फिल्म पूर्ण बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.